वाचकांचे प्रश्न : इन्स्पायर शिष्यवृत्तीचं घोडं कुठे पेंड खातं?

प्रश्न : मुलीला बारावी विज्ञानला महाराष्ट्र बोर्डात उत्तम गुण आहेत. इंजिनिअरिंग नको, बी.एस्सी. केमिस्ट्रीच करायचं म्हणते. आम्ही दोघंही नोकरीत, त्यामुळे उत्पन्नाच्या अटीत कुठेच बसत नाही. तिला काही मिळेल का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर’ योजनेत उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे. तिचं इंग्रजी लघुरूप ‘शी’. मराठी कानाला ते कसंही लागो, शिष्यवृत्ती भरघोस आहे आणि उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० रोख, म्हणजे महिन्याला ५,००० च्या हिशेबाने, आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बी.एस्सी.ची तीन आणि एम.एस्सी.ची दोन अशी जास्तीत जास्त ५ वर्षं मिळते. देशभरात दरवर्षी १२,००० जागा असतात.

मुख्य अट अशी, की मुलगी आपल्या बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात हवी. इथे बऱ्याच घरांत गफलत होते. वरचा १ टक्का म्हणजे ९९ टक्के गुण नव्हेत. त्या वर्षीच्या निकालावरून प्रत्येक बोर्डाची मर्यादा वेगळी निघते, त्यामुळे शेजारच्या सीबीएसईवाल्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. गेल्या वर्षीचा आकडाही यंदा चालत नाही. बोर्डाने पात्रतेचं पत्र दिलं असेल तर ते अर्जासोबत जोडायचं.

दुसरी अट विषयाची. भौतिकी, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन, भूविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स असे मूलभूत विषयच चालतात. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, आयटी, बायोटेक्नॉलॉजी, कृषी हे चालत नाहीत. ‘बी.एस्सी. आहे ना, मग झालं’ असं धरून फॉर्म भरणारे इथेच बाद होतात. तुमच्या मुलीचं केमिस्ट्री बसतं.

आधी कॉलेजात प्रवेश पक्का करायचा, मग विभागाच्या इन्स्पायर पोर्टलवर अर्ज. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो, आणि पोर्टलवरच्या ठरावीक नमुन्यातलं प्राचार्यांचं शिफारसपत्र लागतं. सगळ्यात जास्त रखडतं ते हे शिफारसपत्रच. ऑफिसातून बोनाफाईड आणून तेच चढवलं तर चालत नाही. नमुना स्वतः छापून न्या, त्यावर विषयासकट अभ्यासक्रमाचं नाव लिहून घ्या, सही-शिक्का प्राचार्यांचा आहे ना हे खिडकीवरच बघा. अर्जाची मुदत संपत येते तेव्हाच प्राचार्य नेमके विद्यापीठाच्या बैठकीला गेलेले असतात, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आणखी एक बारकावा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. अर्जात बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच नाव टाका. स्पेलिंगमध्येच फरक असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या.

(ज्यांचं कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची वेगळी योजना आहे. पदवीला वर्षाला १२,०००, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. मात्र राज्याची फी-सवलत किंवा दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही.)

प्रश्न : बारावीनंतर नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतला. नंबर लागला नाही. आता बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तर इन्स्पायरचा अर्ज करता येईल का? बारावीला टक्के खूप चांगले होते.
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : नाही. ज्या वर्षी बारावी पास, त्याच वर्षी पदवीला प्रवेश हवा. नीट किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या पहिल्या १०,००० क्रमांकांतल्यांनाही या योजनेचं दार उघडं आहे, पण वर्षाची अट त्यांनाही आहेच. शिवाय नीटला तो क्रमांक मिळवून बी.एस्सी.ला येणारा विरळाच. ड्रॉपचा निर्णय घेताना क्लासच्या फीसोबत पाच वर्षांचे हे पैसेही हिशेबात धरायला हवेत. ते सहसा कुणी धरत नाही.

प्रश्न : केव्हीपीवायची (किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची) परीक्षा हल्ली होते का?
– एक शिक्षक, जालना

उत्तर : नाही. १९९९ साली सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली आणि परीक्षा बंद झाली. तिच्या तयारीची पुस्तकं अजून विकली जातात, म्हणून मुलांना सांगून ठेवा.

प्रश्न : निवडीचं तात्पुरतं पत्र आलं, स्टेट बँकेचं खातं दिलं, तरी पैसे जमा नाहीत. खातं दहावीत असताना काढलेलं आहे.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : खातं कोणत्या प्रकारचं आहे ते आधी पासबुकावर बघा. दहावीतलं म्हणजे बहुधा अज्ञान (मायनर) खातं, पालकांच्या सहीवर चालणारं. १८ पूर्ण झाली की नवी सही, फोटो आणि केवायसी दिल्याशिवाय ते पुढे चालत नाही. दुसरी शक्यता, पुरेशा कागदपत्रांशिवाय उघडलेलं ‘स्मॉल अकाउंट’. त्यात शिल्लक ५०,००० च्या वर राहू शकत नाही. ६०,००० एकरकमी आले की मर्यादा ओलांडली जाते आणि रक्कम परत फिरते. शाखेत जाऊन पूर्ण केवायसी देऊन खातं साध्या बचत खात्यात बदलून घ्या. खातं एकटीच्या नावावर हवं, आईबरोबर संयुक्त नको. मग पोर्टलवर खाते क्रमांक आणि आयएफएससी एकेक आकडा पडताळून पाहा.

खातं ठीक असेल तर कागद तपासा. पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप येत नाहीत. वर्षाची गुणपत्रिका चढवावी लागते, ६० टक्के टिकवावे लागतात. विद्यापीठाचे निकाल उशिरा लागतात हे खरं, पण निकाल लागल्यावरही गुणपत्रिका चढवायची राहून जाते.

प्रश्न : उन्हाळी प्रकल्प कुठे करायचा? आमच्या कॉलेजात संशोधन होत नाही.
– एक विद्यार्थी, सावंतवाडी

उत्तर : तुम्हाला सर्वांत जवळ पडेल ती गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), आयुका (खगोलशास्त्राचं केंद्र), आघारकर संस्था. पनवेलला भूचुंबकत्व संस्था. प्रकल्प सहा ते आठ आठवड्यांचा, म्हणून राहण्याची सोय आधी विचारा. वसतिगृह सगळीकडे मिळत नाही.

मे महिन्यासाठी मेल डिसेंबर-जानेवारीतच करायला हवा. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन युवर रिसर्च’ असा एकच मजकूर चाळीस जणांना गेला की तो लगेच ओळखू येतो. त्यापेक्षा पाच-सहा जण निवडा, प्रत्येकाचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचा आणि त्यातलं नेमकं काय समजलं, काय करून पाहायचंय ते चार ओळींत लिहा. तुम्हाला येणारं एखादं ठोस काम सांगा. टायट्रेशन, पायथन, सूक्ष्मदर्शकाची स्लाइड, काहीही. सोबत गुणपत्रिका आणि हातात नेमके किती आठवडे आहेत ते. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको.

अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, दोन्ही पोर्टलवर द्यावं लागतं. प्रमाणपत्राचा नमुना पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांना दाखवून ठेवा आणि सही-शिक्का घेऊनच प्रयोगशाळा सोडा. ‘मागाहून मेलने पाठवतो’ म्हटलेला कागद दिवाळीपर्यंत येत नाही.