जन्मापासूनचा ओला खोकला

वाचकांचे प्रश्न : आरोग्य

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. पूर्ण दिवस भरून जन्मला, वजनही चांगले होते. तरी दुसऱ्या दिवशी श्वास जोरात चालू लागला म्हणून त्याला आठवडाभर काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर ठेवले होते. तेव्हापासून खोकला आणि वाहते नाक कायम आहे. बाळदमा म्हणून तीन वर्षे पंप दिला, पण फरक पडला नाही. दोन्ही कान सारखे फुटतात. गेल्या वर्षी छातीचा फोटो काढला, तेव्हा 'प्लेट उलटी लागली' म्हणून ती फिरवून दिली होती. परवा पोट दुखले म्हणून सोनोग्राफी केली, तर लिव्हर डाव्या बाजूला असल्याचे सांगितले. मी माझ्या नवऱ्याच्या मामाची मुलगी आहे. घरातले म्हणतात, दोष माझ्याकडचा आहे. मुलाला नक्की काय झाले असेल?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, आपण पाठवलेल्या फोटोची प्रत मी नीट पाहिली. फोटो काढताना उजव्या खांद्याजवळ 'आर' हे शिशाचे अक्षर ठेवलेले असते. आपल्या फोटोत ते आरशात दिसावे तसे उलटे उमटले आहे आणि हृदय डावीकडे दिसते आहे. याचा अर्थ फोटो मुळात सरळच निघाला होता. हृदय उजवीकडे दिसल्याने ती चूक समजून कोणीतरी प्लेट फिरवली. हृदय उजवीकडे, लिव्हर डावीकडे, जन्मतः श्वासाचा त्रास, बारा महिने ओला खोकला, वाहते नाक आणि फुटणारे कान ही सारी लक्षणे एका सूत्रात बांधली, तर प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया, म्हणजेच पीसीडी, या आनुवंशिक आजाराची दाट शंका येते. हे निदान नव्हे, शंका आहे. पण तिचा छडा लावलाच पाहिजे इतकी ती ठाम आहे.

नाकापासून श्वासनलिकांच्या बारीक फांद्यांपर्यंत आतील अस्तरावर केसांहून कितीतरी सूक्ष्म असे हलणारे तंतू असतात. शास्त्रीय मराठीत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर असे सुमारे दोनशे तंतू असतात आणि वाऱ्यावर भाताचे शेत लवावे तसे ते सेकंदाला दहा-बारा वेळा एका लयीत लवून कफ, धूळ आणि जंतू घशाकडे ढकलत असतात. या आजारात ते हलत नाहीत किंवा वेडेवाकडे हलतात. मग कफ जागीच साचतो, त्यात जंतू वाढतात, आणि वर्षानुवर्षे असे होत राहिले की श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. गर्भावस्थेच्या सुरुवातीला शरीराची डावी-उजवी बाजू ठरते, तीही अशाच तंतूंनी निर्माण केलेल्या प्रवाहामुळे. तो प्रवाह नसेल तर हृदय कोणत्या बाजूला जाईल हे छापा-काट्यावर सोडल्यासारखे होते. म्हणूनच या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचे हृदय डावीकडेच असते आणि त्यांचे निदान आणखी उशिरा होते. झ्युरिकचे डॉक्टर कार्टागेनर यांनी उलटे अवयव, सायनसचा आजार आणि रुंदावलेल्या श्वासनलिका यांची सांगड 1933 मध्ये घातली; दोष या तंतूंच्या रचनेतच आहे, हे स्वीडनच्या अफ्झेलियस यांनी 1976 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले.

निदानाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, हकिकतीपासून होते, असे मी आग्रहाने म्हणेन. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्याच एक-दोन दिवसांत ऑक्सिजन लागणे, लहान वयापासून बारमाही ओला खोकला, सहा महिन्यांच्या आतच सुरू झालेले बारमाही चोंदलेले नाक आणि अवयवांची उलटी बाजू, या चारही गोष्टी आपल्या पत्रात आहेत. दम्याचा खोकला बहुधा कोरडा असतो, येतो-जातो आणि पंपाने उतरतो. हा खोकला एक दिवसही सुटी घेत नाही. आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण मी नेहमी पाहतो. आई मराठीत 'धाप लागते, खोकतो' असे सांगते, समोरचे डॉक्टर ते कानडीत 'दम्मु' आणि 'केम्मु' असे समजून घेतात, आणि खोकला ओला की कोरडा, कधीपासून, किती सलग, हा सगळा तपशील वाटेतच गळतो. त्यात लहान मुले कफ थुंकत नाहीत, गिळतात. तेव्हा सकाळी उठल्याबरोबरचा खोकला मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि छातीचा फोटो नव्याने काढून घ्या. तो काढणाऱ्याला सोनोग्राफीचा रिपोर्ट आधी दाखवा, म्हणजे कोणी पुन्हा प्लेट फिरवणार नाही.

पुढच्या तपासण्यांत एकटीवर विसंबावे अशी एकही नाही, हे आधीच समजून घ्या. पहिली नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायूची. निरोगी नाकात तो भरपूर असतो, या आजारात फारच कमी असतो. मिनिटाला 77 नॅनोलिटरच्या खाली आकडा आल्यास शंका बळावते. पाच वर्षांवरील मूल फुंकर धरून ठेवू शकते, म्हणून आपल्या मुलाच्या वयाला ती जमेल. सर्दी नसताना आणि निदान दोन वेगवेगळ्या वेळी ती करावी. सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही हा वायू कमी भरू शकतो, म्हणून घामातील क्षाराची तपासणी आधी उरकून घ्यावी.

दुसरी तपासणी तंतू प्रत्यक्ष पाहण्याची. बारीक ब्रशने नाकाच्या आतून पेशी खरवडून घेतात. भूल लागत नाही, डोळ्यांत पाणी येते तेवढेच. त्या पेशी जिवंत असतानाच त्यांची हालचाल वेगवान कॅमेऱ्याने टिपतात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूचा आडवा छेद पाहतात. निरोगी छेदात कडेने नऊ जोड्या आणि मध्ये दोन नलिका दिसतात. कडेच्या नलिकांना डायनीन नावाचे छोटे हात असतात, ते तंतू हलवतात. पुष्कळ रुग्णांत हे हात नसतात. तरीही सुमारे 30 टक्के रुग्णांत रचना अगदी निर्दोष दिसते, त्यामुळे 'नॉर्मल' असा रिपोर्ट आला तरी आजार नाही असे ठरत नाही. उलट, साध्या सर्दीनंतरही काही आठवडे तंतू बिघडलेले दिसतात, म्हणून संसर्ग उतरल्यावर चार ते सहा आठवडे थांबूनच नमुना द्यावा. नाकात सॅकरिनचा कण ठेवून घशात गोडी किती वेळाने जाणवते हे पाहण्याची जुनी चाचणी मुलांसाठी मी सुचवणार नाही. ती भरवशाची नाही.

या दोन्ही सोयी मोजक्याच मोठ्या केंद्रांत असतात. खानापूरहून सर्वांत सोयीची पडते ती रक्तातील जनुकांची तपासणी, कारण त्यात प्रवास मुलाला नव्हे, रक्ताच्या नमुन्याला करावा लागतो. या आजाराशी संबंधित पन्नासहून अधिक जनुके माहीत आहेत. एकाच जनुकाच्या दोन्ही प्रतींत रोगकारक दोष सापडला की निदान पक्के होते. मात्र दर चार-पाच रुग्णांमागे एकाला काहीच सापडत नाही. तसे झाले तर हकिकत पुसून टाकू नये, वरच्या तपासण्यांकडे जावे.

आता घरातल्या बोलण्याविषयी. हा आजार बहुतेक कुटुंबांत आईची एक आणि वडिलांची एक अशा दोन सदोष प्रती एकत्र आल्या तरच होतो. एक प्रत असणाऱ्याला काहीही त्रास नसतो. मामाच्या मुलीशी लग्न झाले असल्यास दोघांना एकाच आजी-आजोबांकडून तीच प्रत मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे मुलाला आजार असेल तर दोष एकट्या आपल्याकडचा असण्याची शक्यता फारच कमी आहे. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा धोका चारात एक राहतो, म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याआधी दोघांच्या रक्ताची तपासणी आणि जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

निदान होईपर्यंत एक गोष्ट आजच बंद करा : खोकला दाबणारे औषध. तंतू काम करीत नसतील, तर कफ बाहेर काढायला त्याच्यापाशी खोकल्याशिवाय दुसरे साधन नाही. फिजिओथेरपिस्टकडून कफ मोकळा करण्याची पद्धत शिकून ती सकाळ-संध्याकाळ करा, चुलीच्या धुरापासून त्याला लांब ठेवा आणि कानांनी नीट ऐकू येते की नाही हे तपासून घ्या. वर्गात लक्ष नाही म्हणून ओरडा खाणाऱ्या कितीतरी मुलांना मुळात ऐकूच कमी येत असते. आणि पोटात कधी डावीकडे खाली जोराची कळ आली, तर अवयव उलटे आहेत हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण याचे अपेंडिक्स त्या बाजूला असू शकते.

प्रश्न : वय 31. तंबाखूच्या वखारीत काम करतो. लहानपणापासून खोकला आहे. थुंकीत जंतू सापडले नसतानाही दोनदा टीबीचा कोर्स झाला. हृदय उजवीकडे आहे. लग्नाला पाच वर्षे झाली, मूल नाही. हे तंबाखूच्या धुळीमुळे असेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तंबाखूची धूळ छातीला वाईटच, आणि आपला त्रास तिने वाढला असेल, परंतु हृदयाची बाजू गर्भातच ठरते, तिचा धुळीशी संबंध नाही. आपल्या बाबतीतही वर सांगितलेल्या पीसीडीची शंका येते. आपल्या भागात पीसीडीपेक्षा टीबी कैक पटींनी अधिक आढळतो, म्हणून टीबीचा विचार आधी होणे योग्यच होते, आणि हे वाचून कोणीही चालू कोर्स मध्येच सोडू नये. पण जंतू न सापडता दोन कोर्स झाले आणि खोकला बालपणापासूनचा आहे, तेव्हा छातीचा सीटी स्कॅन आणि वर सांगितलेल्या तपासण्या आता व्हायला हव्यात. नुसते हृदय उजवीकडे असणे हा आजार नव्हे. तसे पुष्कळ लोक निरोगी असतात. पण त्याला खोकल्याची जोड मिळाली की अर्थ बदलतो.

मूल न होण्याचा याच्याशी संबंध असू शकतो, कारण शुक्राणूची शेपटी श्वासनलिकेतील तंतूंच्याच रचनेची असते आणि पुष्कळ पुरुष रुग्णांत ती नीट हलत नाही. पत्नीच्या तपासण्यांवर आणखी पैसे घालण्याआधी आपली वीर्यतपासणी करून घ्या. शुक्राणू असूनही हलत नसतील, तर ते थेट स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी ही पद्धत उपलब्ध आहे, आणि तिने अशा जोडप्यांना मुले झालेली आहेत.