आधी रांग लाव

पोरी,

तुझं पत्र मिळालं. रविवारी देवळातल्या सभेत तू म्हणालीस, "सरासरीच्या खाली निम्मी घरं असणारच," मागून कोणीतरी ओरडलं, "निम्मी नाय, दहा!" आणि तू खाली बसलीस. आता तुझं म्हणणं, सरासरी म्हणजे निव्वळ लबाडी. अगो, सभेत हसं झालं म्हणून भागाकारावर राग कसला काढतेस?

आकडे तुझ्याच वहीतले आहेत. चढत्या क्रमाने लाव. यंदा बाजारात गेलेल्या आंब्याच्या पेट्या: ३, ४, ५, ६, ६, ७, ८, ९, १०, १२ आणि सड्यावरच्या मोठ्या बागेच्या २६०. बेरीज ३३०, घरं ११, सरासरी ३०. आता बोट ठेवून दाखव, तीस पेट्यांचं घर कुठलं? नाहीच. तीसच्या खाली मात्र दहा घरं. रांगेतलं मधलं, सहावं घर सात पेट्यांचं. शाळेच्या पुस्तकात त्यालाच मध्यक म्हणतात. परीक्षा झाली की सगळे विसरतात. पाच घरं त्याच्या खाली, पाच वर. निम्म्याची हमी मध्यक देतो, सरासरी देत नाही. तुझी चूक एवढीच. ओरडणाऱ्याने रांग लावली होती, तू लावली नव्हतीस.

मी हे फुकट शिकलो नाही. सोसायटीचा हिशेब माझ्याकडे होता तेव्हा आंबा ठेवायला शेड बांधायची ठरली. मी घरामागे सरासरी पेट्या काढल्या, तेव्हाही तीसच, आणि त्यावरून सगळ्यांना सारखी वर्गणी लावली. खालच्या वाडीतली एक म्हातारी खळ्यात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. पदराची गाठ सोडून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि म्हणाली, "भाऊ, चारच कलमां माजी. तीसचो आकडो खंयसून इलो?"

माझा भागाकार बरोबर होता. आजही आहे, हवा तर तपासून बघ. पावसाआधी काम उरकायचं होतं, घाई होती, समितीतल्या एकानेही हरकत घेतली नाही. हे सगळं खरं. पण नोटा मी घेतल्या.

म्हणून हट्टाने सांगतो: आधी रांग लाव.

आणि आता मध्यक सापडला म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवू नकोस; तुझ्या पत्राचा सूर मला तसाच वाटतो. टेम्पो ठरवायला मध्यक घेऊन गेलीस तर सात गुणिले अकरा, ७७. उरलेल्या २५३ पेट्या काय डोक्यावरून वाशीला नेणार? टेम्पो, खोके, पेंढा, जिथे एकूण किती हे लागतं तिथे सरासरीच कामाला येते. वाडीतलं साधारण घर कसं चाललंय हे विचारायचं असेल तर मध्यक. प्रश्न कुठला ते न ठरवताच भांडायची आपल्याकडे फार हौस.

पावसाचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. जुलैच्या ३१ दिवसांवर वाटलास तर रोजच्या सरासरीत त्या एकट्याने तीस मिलिमीटरची भर घातली. दिवसांची रांग लावली तर मधल्या दिवसाचा पाऊस मात्र जवळजवळ होता तिथेच राहिला. "सरासरी गाठली" हे वाचून भातवाल्याने काय समजायचं?

तुझा आतेभाऊ सांगत होता म्हणे, स्वातंत्र्याच्या वेळी माणसं तिशीतच मरायची. आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, खरंय. पण त्या सरासरीत पाळण्यात गेलेली मुलं आहेत. तीस गाठलेला माणूस पुढेही बरीच वर्षं जगायचा. त्यालाही म्हणावं, रांग लाव. ऐकणार नाही तो, पण तू म्हण.

एक गोष्ट मात्र मला खटकली. तुझ्या यादीत अकराच घरं कशी? वहाळापलीकडची दोन घरं कुठेत? थ्रिप्स किडीने मोहोर गेला, त्यांची एकही पेटी गेली नाही, म्हणून तू विचारलंच नाहीस ना? दोन शून्यं रांगेत आली की घरं तेरा, सरासरी पंचवीसच्या थोडी वर, आणि मधलं घर सहा पेट्यांवर येतं. शनिवारी जा. दारातूनच विचारून परतू नकोस, ओटीवर बस. आकडा शून्य असला तरी लिहून आण.

तुझा,
काका