कल्याणकारी योजनेचं मूल्यमापन एआयने करताना नैतिक काळजी कशी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका कल्याणकारी योजनेच्या मूल्यमापनात तक्रारींचं वर्गीकरण, मुलाखतींचं विश्लेषण आणि उपग्रहचित्रांवरून गरिबीचा अंदाज, या तीन कामांना एआय वापरायचा आहे, तर नैतिक बाजू कशी सांभाळायची?

मॉडेल कोणतं निवडायचं हे नंतर बघा. आधी एक गोष्ट लेखी ठरवून घ्या: हे योजनेचं मूल्यमापन आहे, लाभार्थ्यांची झाडाझडती नाही. योजनेचा उपयोग झाला का, याचं उत्तर हजारो घरांच्या सरासरीत मिळतं. त्यासाठी एकाही माणसाचं नाव लागत नाही. पण डेटा हाताशी आला की बैठकीत कोणीतरी म्हणतंच, "मग यात अपात्र कोण आहेत तेही काढून द्या की." इथे ठाम नकार द्यायचा, आणि कारण विचारलं तर गणित मांडायचं.

समजा, लाभार्थी एक लाख आहेत आणि खरे अपात्र 1 टक्का, म्हणजे 1,000. मॉडेल चांगलं आहे, 90 टक्के अपात्र पकडतं आणि पात्र माणसांपैकी फक्त 5 टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं. म्हणजे 900 बरोबर पकडले आणि 99,000 पात्रांपैकी 4,950 नाहक अडकले. यादी झाली 5,850 जणांची, आणि त्यातले सुमारे 85 टक्के लोक निर्दोष. सरासरी काढायला हेच मॉडेल चालेल, कारण तिथे चूक मोजून वजा करता येते. एका माणसाचं अनुदान थांबवलं की वजा करायला काही उरत नाही.

हे काही नुसतं कागदावरचं गणित नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने 2013 ते 2015 या काळात बेरोजगार भत्त्यातले गैरप्रकार शोधायला स्वयंचलित प्रणाली लावली; नंतर 22,000हून अधिक प्रकरणं माणसांनी तपासली, तेव्हा 93 टक्के प्रकरणांत फसवणूक नव्हतीच. ऑस्ट्रेलियात जादा दिलेला सरकारी भत्ता वसूल करणाऱ्या 'रोबोडेट' या प्रणालीत तर एआयही नव्हता, साधा भागाकार होता. वर्षाचं उत्पन्न 26 पंधरवड्यांत समान वाटायचं, ते माणसाने दाखवलेल्या उत्पन्नाशी जुळलं नाही की वसुलीची नोटीस. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न समान कसं असेल? वर आकडा चुकीचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही त्याच्यावरच. 2020 मध्ये सरकारने सुमारे 4 लाख 70 हजार वसुली रद्द करून पैसे परत करायचं जाहीर केलं. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्यात फसवणूक कोण करेल याचा अंदाज बांधणाऱ्या जोखीम-मॉडेलमध्ये नागरिकत्व हा एक निकष होता. पालकांवर फसवणुकीचा नाहक ठपका ठेवल्याच्या त्या प्रकरणावरून जानेवारी 2021 मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

तेव्हा मूल्यमापन आणि कारवाई यांच्यामध्ये भिंत हवी, आणि ती डेटाच्या मांडणीतच हवी, नुसत्या परिपत्रकात नको. नाव, ओळख क्रमांक, फोन काढून सांकेतिक क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी मूल्यमापन करणाऱ्यांकडेही नको आणि योजना राबवणाऱ्यांकडेही नको. अहवालाच्या तक्त्यात ज्या रकान्यात दहापेक्षा कमी माणसं येतात तो झाका, नाहीतर लहान वस्तीत "अपंग, विधवा, वय 60च्या वर" एवढ्यावरूनच माणूस ओळखू येतो. आणि मुलाखतीआधी लोकांना सरळ सांगा की तुमच्या उत्तरामुळे लाभ वाढणार नाही आणि बंदही होणार नाही. हे वचन एकदा मोडलं की पुढच्या फेरीत कोणी खरं बोलणार नाही.

आता तक्रारींचं वर्गीकरण. इथे भाषा-मॉडेल खरंच कामाला येतं, पण त्याने दिलेला आकडा जसाच्या तसा छापू नका. समजा, 10,000 तक्रारी आहेत आणि मॉडेल म्हणतं की 30 टक्के तक्रारी 'पैसे उशिरा मिळाले' अशा आहेत. या सगळ्या 10,000 मधून 500 तक्रारी चिठ्ठ्या टाकून निवडा. दोन माणसांनी त्या वेगवेगळ्या बसून वाचायच्या, मॉडेलचं उत्तर न बघता. आधी त्या दोघांचं आपसात किती जुळतं ते पाहा. त्यासाठी 'कोहेनचा कॅपा' हा आकडा काढतात: योगायोगाने जुळणं वगळून दोघांचं किती जुळतं ते तो सांगतो, आणि 1 म्हणजे पूर्ण जुळणं. तो 0.6च्या खाली आला तर दोष मॉडेलचा नाही, तुमच्या व्याख्या ढिल्या आहेत. त्या घट्ट करून पुन्हा वाचा. मग मॉडेलशी ताडा. समजा, 500 मध्ये मॉडेलने 150 म्हटलं आणि माणसांनी 190. म्हणजे 30 ऐवजी 38 टक्के.

एवढ्यावर थांबू नका, गट पाडा. प्रमाण भाषेतल्या 350 तक्रारींत मॉडेल 120 म्हणतं आणि माणसं 136. बोलीभाषेतल्या 150 मध्ये मॉडेल 30 आणि माणसं 54. मॉडेलची गफलत कुठे आहे ते इथे दिसतं. बोलीत लिहिणाऱ्यांचा उशीर ते जवळपास निम्म्या वेळा वाचूच शकलेलं नाही, आणि बहुतेक वेळा योजनेची सर्वाधिक गरज याच लोकांना असते. म्हणून एकच दुरुस्ती सगळ्यांना न लावता गटागटाने लावा, आणि लहान गटातून नमुना मुद्दाम जास्त घ्या.

उपग्रहचित्रांबाबत मी जास्त सावध राहीन. छप्पर, रस्ते, रात्रीचे दिवे यांवरून गरिबी ताडणं हा उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार आहे. काही वेळा चालतो, पण त्याच्या दोन खोडी माहीत हव्यात. एक, अशा मॉडेलचे अंदाज मध्याकडे ओढले जातात. सगळ्यात गरीब वस्ती आहे त्यापेक्षा बरी दिसते, श्रीमंत वस्ती आहे त्यापेक्षा गरीब. त्यामुळे योजनेचा परिणामही खऱ्यापेक्षा लहान दिसू शकतो आणि चांगली योजना 'निष्फळ' ठरते. दुसरी खोड उलट्या दिशेची आहे. योजना घरकुलाची असेल तर नवं छप्पर दिसताच मॉडेल म्हणेल की गरिबी हटली, मग चूल दोन वेळा पेटत असो वा नसो. मॉडेल ज्या खुणेवरून गरिबी ओळखतं तीच खूण योजना बदलत असेल, तर ते मॉडेल त्या योजनेला वापरूच नका. पोषणाच्या योजनेचा परिणाम तर वरून दिसणारच नाही. आणि जिथे हे मॉडेल वापराल तिथेही काही वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष घरोघरी सर्वेक्षण करून अंदाज ताडावाच लागतो.

शिवाय प्रशासकीय डेटात फक्त आत आलेली माणसं असतात. ज्याचा अर्जच स्वीकारला नाही, ज्याच्या बोटाचा ठसा जुळला नाही म्हणून जो परत गेला, तो नोंदीत नाही. एआय त्याला शोधून काढणार नाही. एखाद्या भागातून तक्रारी कमी आल्या तर मॉडेल 'समाधान जास्त' असं वाचेल. कारण कदाचित फोन नसणं किंवा भीती असेल. म्हणून यादीबाहेरच्या घरांना भेटी देण्यासाठी बजेटमध्ये सुरुवातीलाच वेगळी रक्कम ठेवा. नंतर ती मिळत नाही.

मुलाखतींबद्दल एवढंच: आवाज हीसुद्धा ओळखच असते, म्हणून रेकॉर्डिंग सार्वजनिक चॅटबॉटवर चढवू नका. मॉडेलने दिलेलं प्रत्येक अवतरण मूळ मजकुरात शोधून बघा. सफाईदार पण कोणी न बोललेली वाक्यं ते बनवून देतं.

मॉडेल पुरवणाऱ्या व्हेंडरशी करार करताना मॉडेलचं नाव, व्हर्जन, तारीख, त्याला दिलेली संपूर्ण सूचना आणि गटनिहाय चुकांचा तक्ता देणं बंधनकारक करा. अर्ध्या कामात व्हर्जन बदललं तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना करता येत नाही, मग 500 तक्रारींची तपासणी पुन्हा करावी लागते. तो खर्च कोणाचा हेही करारातच लिहा. सूचना 'व्यावसायिक गुपित' आहे म्हणून दाखवणार नाही असं उत्तर आलं, तर त्यातून निघालेला आकडा अहवालात घेऊ नका.