एकाच खेपेच्या अंड्यांतून निघालेल्या दोन बॉल पायथनची (पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकी अजगरांची) जोडी लावावी का?

अल्बिनो (काळं रंगद्रव्य नसलेल्या) पिल्लांसाठी विचारताय, तर एकदा लावल्याने आभाळ कोसळणार नाही. बाप-लेकीची जोडी लावून रंग पक्का करणारे ब्रीडर कमी नाहीत. पण मी लावणार नाही.

सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत सरासरी २५ टक्के जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. अल्बिनो जनुक अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती तीच असल्या तरच दिसणारं, म्हणून ते असंच वर येतं. पण त्याच वाटेने दडलेले दोषही येतात. स्वीडनमध्ये स्मीगेहुकला ॲडर या विषारी सापांची एक छोटी वस्ती एकटी पडली होती. पिल्लं मेलेली किंवा व्यंग असलेली जन्मायची. १९९२ मध्ये संशोधकांनी बाहेरचे २० नर आणून सोडले, चार हंगामांनी त्यातले उरलेले परत नेले. काही वर्षांत सापांची संख्या झपाट्याने वाढली. नुसतं नवं रक्त!

स्पायडर मॉर्फचं (बॉल पायथनच्या एका रंगप्रकाराचं) डोकं डुगडुगतं ते मात्र नात्यातल्या जोडीमुळे नव्हे; तो त्या जनुकाचाच दोष.

दुसऱ्या ब्रीडरकडून अल्बिनो जनुक असलेली, नात्याबाहेरची मादी घ्या. पैसे जास्त जातील, पण रंग तोच मिळेल. आणि भारतात असाल तर आधी परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचं बघा.