सुट्टीच्या दोन दिवसांत मोटारसायकलचे काम शिकता येते का?

शनिवार-रविवारी भरणाऱ्या छोट्या दुरुस्तीवर्गांविषयी या सदरात लिहिल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी सर्वांना उपयोगी पडतील असे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी सांगलीत एका बँकेत नोकरी करतो आणि रोज १०० सीसीच्या मोटारसायकलने ये-जा करतो. आमच्या भागातील एका गॅरेजमध्ये दोन दिवसांचा वर्ग सुरू झाला आहे. ज्याने आजवर पाना हातात धरलेला नाही, त्याला एवढ्या वेळात खरोखर काही येईल का? पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : दोन दिवसांत इंजिन उतरवून पुन्हा चढवायला शिकवतो असे कोणी सांगत असेल, तर त्या वर्गाला जाऊ नये. मात्र इंजिन ऑइल बदलणे, स्पार्क प्लग काढून त्याची गॅप (टोकांमधील फट) पाहणे, एअर फिल्टर साफ करणे, चेनची निगा राखणे, मागचे चाक उतरवून ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) तपासणे, क्लचच्या वायरची ढील ठरवणे आणि बॅटरीची टर्मिनल्स स्वच्छ करणे, एवढी कामे दोन दिवसांत व्यवस्थित शिकता येतात. आणि रोजच्या वापरातील गाडीला वर्षभर जी कामे लागतात, त्यांतील बहुतेक हीच असतात.

सर्वांत आधी विचारायचे ते हे, की शिकणारे किती, गाड्या किती आणि शिकवणारे किती. वीस जण एका गाडीभोवती उभे राहून मिस्त्रींचे काम पाहणार असतील, तर त्यातून हाताला काहीच मिळत नाही. माझ्या मते एका शिकवणाऱ्यामागे सहा ते आठ जणांहून अधिक नसावेत आणि शक्य असेल तर प्रत्येकाने स्वतःची गाडी आणलेली असावी.

हा आग्रह धरण्याचे कारण सांगतो. नट कोणत्या दिशेने फिरवायचा हे व्हिडिओ पाहूनही कळते. तो किती आवळायचा हे मात्र हातालाच शिकावे लागते. इंजिनच्या तळाचा ड्रेन बोल्ट पोलादी असतो आणि तो ज्या केसिंगमध्ये बसतो ते ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की मऊ धातूतील आटे जातात आणि दहा मिनिटांच्या कामापायी केसिंगमध्ये नवे आटे पाडून घेण्याची वेळ येते. पुष्कळ लहान गाड्यांच्या ड्रेन बोल्टला २५ ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुरतो. पाना २० सेंटिमीटर लांबीचा धरला, तर ३० न्यूटन-मीटरसाठी त्याच्या टोकाशी सुमारे १५ किलो वजनाइतका जोर लागतो. त्याच पान्याने कव्हरचा ६ मिलिमीटरचा बोल्ट आवळायचा असेल, तर पाच किलोच्या आसपासचा जोर पुरे होतो. नवशिका माणूस दोन्ही बोल्टना सारखाच जोर लावतो आणि लहान बोल्ट मोडून बसतो.

चांगला शिक्षक भंगारातले एखादे क्रँककेस, म्हणजे इंजिनचे खालचे केसिंग, टेबलावर ठेवतो, प्रत्येकाला अंदाजाने बोल्ट आवळायला लावतो आणि मग लावलेला जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने तो अंदाज तपासून दाखवतो. त्यानंतर त्याच बोल्टचे आटे मुद्दाम जाऊ द्यायला सांगतो. बोल्ट आधी घट्ट होत जातो, पाना हाताला विरोध करतो, आणि मग एका क्षणी तो विरोध वाढायचा थांबतो. बोल्ट फिरतो, पण घट्ट होत नाही. हा क्षण भंगारातल्या केसिंगवर एकदा अनुभवला, की स्वतःच्या गाडीवर हात वेळीच थांबतो. तुमच्या गावातील वर्गात असे काही करून घेतात का, हे अवश्य विचारा.

अभ्यासक्रमही पाहून घ्या. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाविषयीची बीएस-६ मानके लागू झाली आणि तेव्हापासूनच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. तुमची गाडी त्यानंतरची असेल आणि वर्गाचा अर्धा दिवस कार्बोरेटर खोलण्यात जाणार असेल, तर त्या वेळेचा तुम्हाला उपयोग नाही. अशा वर्गात गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल बरोबर घेऊन जा. चेनची ढील, टायरमधील हवा, ऑइलचे प्रमाण आणि प्रत यांचे आकडे गाडीगणिक बदलतात, आणि ‘सगळ्या गाड्यांना सारखेच असते’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. ऑइलचेच पाहा : बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, त्यामुळे डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-२ (मोटारसायकलच्या ऑइलची जपानी मानके) असे लिहिलेलेच ऑइल घालावे लागते. मोटारीसाठीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी मोटारसायकलचा क्लच घसरू लागतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सातारा जिल्ह्यात राहतो. मुलाबरोबर अशा वर्गाला जाऊन आलो आणि उत्साहाने घरी गाडीची चेन घट्ट केली. त्यानंतर मागचे चाक जड फिरते, थोडे अंतर गेले तरी मागचा ड्रम तापतो, आणि चेनमधून ठराविक अंतराने कट-कट असा आवाज येतो. माझे काय चुकले असावे?

उत्तर : सर, आपल्या गाडीत बहुधा दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या आहेत, म्हणून त्या वेगळ्या करून पाहू.

चेन घट्ट करताना आपण मागचे चाक मागे सरकवतो. मागच्या ड्रम ब्रेकचा रॉड मात्र पुढे पेडलला जोडलेला असतो आणि त्याची लांबी तीच राहते. चाक मागे गेले की हा रॉड ब्रेकचा दांडा ओढून धरतो. पेडलवर पाय नसतानाही शू ड्रमला घासत राहतात, आणि ड्रम तापतो. म्हणून चेनचे काम झाले की ब्रेकची ढील पुन्हा लावणे हा त्याच कामाचा भाग समजावा. तपासणी सोपी आहे. गाडी थंड असताना मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, चाक हाताने फिरवा, आणि ब्रेक रॉडच्या टोकाचा नट थोडा थोडा सैल करत जा. चाक मोकळे झाले तर दोष ब्रेकच्या ढिलीत होता. बऱ्याच लहान गाड्यांत पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवतात. आपल्या मॅन्युअलमधील आकडा पाहून तेवढी ठेवा. नंतर पेडल दाबून मागचा ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का, हेही पाहा, कारण त्याचा स्विच याच पेडलला स्प्रिंगने जोडलेला असतो.

नट सैल करूनही चाक जडच राहिले, तर चेन जास्त ताणली गेली आहे, आणि कट-कट आवाज त्याच बाजूला बोट दाखवतो. जुनी चेन सर्व ठिकाणी सारखी झिजत नाही. चाक सावकाश फिरवत खालच्या बाजूच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली दाबून पाहा : एका जागी ती २५ मिलिमीटर हलेल आणि अर्धा फेरा पुढे गेल्यावर जेमतेम १० मिलिमीटर. आपण ढील सैल जागी मोजून लावली असणार, त्यामुळे घट्ट जागा दोरीसारखी ताणली गेली. ढील नेहमी सर्वांत घट्ट जागी मोजावी. बहुतेक १०० ते १२५ सीसी गाड्यांना ती २० ते ३० मिलिमीटरच्या दरम्यान लागते. काही गाड्यांचे माप साइड स्टँडवर घ्यायचे असते, तेही मॅन्युअलमध्ये दिलेले असते. दोन जागांतील फरक फार असेल तर कितीही जुळवाजुळव केली तरी उपयोग होत नाही. चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चाके, म्हणजे स्प्रॉकेट, असा पूर्ण संच बदलावा. नुसती चेन बदलली तर झिजलेले दाते नवी चेनही लवकर खराब करतात.

जास्त ताणलेली चेन थोडी सैल असलेल्या चेनपेक्षा अधिक नुकसान करते, हे मुद्दाम सांगतो, कारण घट्ट केले म्हणजे चांगले केले अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मागे माणूस बसला किंवा खड्डा लागला की मागचे चाक धरून ठेवणारा स्विंग आर्म वर जातो आणि दोन स्प्रॉकेटमधील अंतर वाढते. चेनमध्ये तेवढी ढील नसेल, तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

नवा संच बसवताना स्विंग आर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेषेवर आहेत याची खात्री करा, नाही तर चाक तिरके बसते. आणि एक कळकळीची विनंती : चेन साफ करताना किंवा तेल लावताना इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून चाक कधीही फिरवू नका. हातातले फडके चेनमध्ये अडकले की पाठोपाठ बोटे स्प्रॉकेटमध्ये जातात. किल्ली काढून खिशात ठेवावी आणि चाक हातानेच फिरवावे.

प्रश्न : नवी गाडी आहे. स्वतः हात घातला तर वॉरंटी जाईल का?

उत्तर : वॉरंटीच्या काळात ठरलेल्या किलोमीटरला किंवा मुदतीला अधिकृत केंद्रातच सर्व्हिसिंग करून घ्यावे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. हवा तपासणे, चेन साफ करून तेल लावणे, ऑइलची पातळी पाहणे ही कामे मात्र मॅन्युअलनेच मालकावर सोपवलेली असतात. वायरिंग कापणे, बाहेरचे दिवे जोडणे आणि इंजेक्शनच्या भागांना हात लावणे टाळा.

प्रश्न : मी कोल्हापूरची विद्यार्थिनी आहे. वर्गाला नाव नोंदवले आहे, पण ‘मुलींच्या हातात तेवढी ताकद नसते, एक्सलचा नट तुला सुटणार नाही’ असे घरी सांगतात. हे खरे आहे का? आणि पाने कोणते घ्यावेत?

उत्तर : खरे नाही, आणि तुम्ही अवश्य जा. घट्ट बसलेला नट लांब दांड्याने आणि शरीराच्या भाराने सुटतो. गाडी दोन्ही चाकांवर उभी असतानाच, स्टँडवर चढवण्यापूर्वी, नट थोडा सैल करून घ्यावा. पाना आपल्याकडे ओढता येईल असा लावावा, कारण ढकलताना तो निसटला तर बोटांची हाडे थेट सायलेन्सरवर आदळतात. पावसाळ्यात गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. लांब दांडा सोडवण्यासाठीच वापरावा, आवळण्यासाठी वापरू नये.

पाने विकत घेताना शंभर नगांची पेटी घेण्यापेक्षा ८, १०, १२, १४ आणि १७ नंबरचे चांगल्या प्रतीचे रिंग पाने, एक प्लग पाना आणि एक पक्कड घ्या. स्क्रू ड्रायव्हर मात्र विचार करून घ्या. जपानी आराखड्यावर बेतलेल्या अनेक गाड्यांवरील फुलीच्या खाचेचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. त्यांत नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर पूर्ण बसत नाही, जोर लावताच वर उचलला जातो आणि स्क्रूचे डोके खाऊन टाकतो. पुष्कळदा ‘हा स्क्रू जाम झालाय’ असे म्हणतात तेव्हा ड्रायव्हर चुकीचा असतो.

वर्गाला जाताना अंगठी, बांगड्या आणि मनगटातले कडे काढून ठेवा, ओढणी घेऊ नका आणि केस बांधून घ्या. बॅटरीच्या धन टोकाला लागलेला पाना किंवा अंगठी गाडीच्या फ्रेमला टेकली तर क्षणात एवढा प्रवाह वाहतो की धातू तापून कातडी भाजते. म्हणूनच बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडवायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे असते. तुमच्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक असेल तर पहिल्या वर्गात त्याचे पॅड किती झिजलेत एवढेच पाहायला शिका. ब्रेक फ्लुइड (लिव्हरचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचवणारा द्रव) बदलण्याचे काम प्रथम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे. ते हवेतील ओलावा शोषते : डॉट ४ प्रतीच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्यासाठी ती मर्यादा १५५ अंश आहे. घाटात सलग ब्रेक लावल्यावर असे जुने फ्लुइड उकळले तर आत वाफ होते आणि ब्रेकचा लिव्हर पोकळ लागतो. म्हणून अनेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

प्रश्न : ऑइल बदलायला शिकलो. निघालेले काळे ऑइल आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून लावतात. ते योग्य आहे का?

उत्तर : ही पद्धत खेड्यापाड्यांत जुनी आहे, पण सोडून द्यायला हवी. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून तयार झालेली, कर्करोगाला कारण ठरू शकणारी द्रव्ये आणि झिजलेल्या भागांतील धातूचे कण असतात. पहिल्या जोरदार पावसात ते खांबावरून जमिनीत आणि तेथून विहिरीच्या पाण्यात उतरू शकते. त्याच कारणाने ऑइल काढताना रबरी हातमोजे घालावेत आणि हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत. निघालेले ऑइल जुन्या डब्यात झाकण घट्ट लावून साठवा, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका, आणि ज्या गॅरेजकडून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणारे लोक ते उचलून नेतात अशा ठिकाणी द्या. तुमच्या वर्गाच्या गॅरेजमध्ये जुने ऑइल गोळा करण्याचा पिंप बहुधा असेल, तेथे विचारा.