ग्राफीनच्या आधी ऑक्साइडकडे बघ

पवई, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ग्राफीन ट्रान्झिस्टरचे आलेख नीट पाहिले. डिरॅक बिंदू, म्हणजे ज्या गेट व्होल्टेजला (ग्राफीनमधला प्रवाह नियंत्रित करणाऱ्या व्होल्टेजला) प्रवाह सर्वांत कमी होतो तो, शून्याऐवजी +३० व्होल्टच्या आसपास आहे, आणि गेट व्होल्टेज वाढवतानाची रेघ कमी करतानाच्या रेघेवर बसत नाही. ग्राफीनच खराब आहे असं म्हणून तू नवी फिल्म वाढवायला निघालीस. थांब जरा.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर. त्यातला प्रत्येक अणू खालच्या थराला चिकटून बसलेला. तुझ्या चिपवर ग्राफीनखाली असलेल्या सिलिकॉन डायऑक्साइडवर हायड्रॉक्सिल (OH) गट असतात आणि ते पाणी धरून ठेवतात. हे पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ओढतात, मागे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, राहतात. ३०० नॅनोमीटर ऑक्साइडवर ३० व्होल्ट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ लाख कोटी होल! तिथेच अडकणारे आणि सावकाश सुटणारे प्रभार तुझ्या दोन रेघा वेगळ्या करतात. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे होणारच.

म्हणून फिल्म ठेवण्याआधी ऑक्साइडवर एचएमडीएस (हेक्सामिथिलडायसिलाझेन) या रसायनाची वाफ दे. फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवायचा लेप, नीट चिकटावा म्हणून ते क्लीनरूममध्ये असतंच. हायड्रॉक्सिलच्या जागी मिथिल गट येतात आणि पाणी टिकत नाही. पाण्याचा एक थेंब टाकून बघ: स्वच्छ ऑक्साइडवर तो पसरतो, प्रक्रिया जमली असेल तर फुगीर राहतो. थेंबाच्या कडेचा पृष्ठभागाशी होणारा कोन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, खरंच. ओटीएस (ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन) या दुसऱ्या रसायनाचा थर अधिक दाट बसतो, पण आपल्या हवेत त्याच्या गुठळ्या होतात. ग्लोव्हबॉक्स (कोरड्या वायूची बंद पेटी) नसेल तर त्याच्या नादी लागू नकोस. ऑक्साइडवर बसणाऱ्या अशा सिलिकॉन-रसायनांपैकी (सिलेन) अमाइन, म्हणजे नायट्रोजनचा गट, असलेलं सिलेन ग्राफीनला इलेक्ट्रॉन देतं, फ्लोरिनवालं होल वाढवतं. म्हणजे डिरॅक बिंदू हवा तिकडे सरकवता येतो, पण ते नंतर.

ग्राफीनखाली ऑक्साइडऐवजी हेक्सागोनल बोरॉन नायट्राइडचा स्फटिक सर्वांत चांगला, २०१० पासून सगळे तेच सांगतात. पण त्याचे सोललेले तुकडे मायक्रॉनांत मोजण्याइतके छोटे, तुला अख्खी चिप हवी आहे.

एकाच वेफरच्या दोन चिप घे, एक प्रक्रिया केलेली, एक तशीच. दोन्हींवर एकाच फिल्मचे तुकडे, एकाच दिवशी. फिल्म चिपवर उचलून ठेवताना (ट्रान्सफरमध्ये) पाणी पुन्हा शिरतं, तेव्हा दोन्ही निर्वातात तापव. मग मोजमाप कर आणि त्या वेळची खोलीतली आर्द्रता आलेखाच्या कोपऱ्यात लिहून मला पाठव.

तुझे,
सर