बेससाठी स्वस्तातला कॉम्प्रेसर कोणता घ्यावा?

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, गणपती अन् लग्नसराईचे कार्यक्रम असतात. बोटानं वाजवलं तर ठीक, पण स्लॅप केलं (अंगठ्यानं तारेवर फटका मारला) की आवाज एकदम उसळते अन् मिक्सरवाला ओरडते. कॉम्प्रेसर पेडल (जास्त जोराचा आवाज आपोआप दाबणारा डबा) घ्यायचं म्हणून राहिलो, बजेट पाच-सहा हजार. मित्र म्हणते त्याचा गिटारवाला पेडल घेऊन टाक, चालते. चालते का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भाऊ, चालते पण मजा येत नाही. गिटारचे बरेच स्वस्त कॉम्प्रेसर डायना कॉम्प या जुन्या पेडलच्या वळणाचे असतात, दोनच नॉब, अटॅक (आवाज किती लवकर दाबायचा ते) आपल्या हातात नाही, त्यात बेसचा तळ पातळ झाल्यासारखा वाटते अन् बोटाचा ठोका दबून जाते. तुमचा सगळा ग्रूव्ह तर त्या ठोक्यातच आहे ना.

आधी एक फुकटचं काम करा. एकच तार जोरात वाजत असेल तर पिकअपची (तारांखालचा, त्यांचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) उंची स्क्रूनं थोडी खाली-वर करून बघा, त्याला पेडल लागत नाही. सगळ्याच तारा स्लॅपला उसळत असतील तर मग घ्या.

या रेंजमध्ये मला मूअरचा यलो कॉम्प आवडते, ऑप्टिकल (प्रकाशाच्या सेन्सरवर चालणारा) आहे, दाबते पण हळुवार, अन् पेडलबोर्डवर जागा खात नाही. अजून स्वस्त पाहिजे तर बेहरिंगरचा बीएलई400, हा बेससाठीच बनवलेला लिमिटर (म्हणजे कडक कॉम्प्रेसर), डबा प्लॅस्टिकचा आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीच्या वर दाबायचं) अन् रेशो (किती दाबायचं) दोन्ही हातात मिळतात, शिकायला तोच बरा. टीसी इलेक्ट्रॉनिकचा स्पेक्ट्राकॉम्प सेकंडहँड मिळाला तर बिलकुल सोडू नका, नॉब एकच पण खालचा, मधला, वरचा आवाज वेगवेगळा दाबते, त्यामुळे स्लॅपची टाळी आवरते अन् तळ जागेवर राहते. एमएक्सआरचा एम87 सगळ्यात भारी, पण तुमच्या बजेटमध्ये नवा बसत नाही.

सेटिंगचं म्हणाल तर रेशो 4:1 च्या आसपास ठेवा, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर 4 डीबी (डेसिबल) गेलं तर 1 डीबीच बाहेर येते. पेडलला अटॅक अन् रिलीज (दाब किती लवकर सोडायचा ते) असेल तर अटॅक जरा स्लो ठेवा, ठोका निघून जाऊ द्या, मग दाबू द्या. रिलीज फार फास्ट नको, कारण मोकळी ई तार 41 हर्ट्झची, तिचं एक आवर्तन 24 मिलीसेकंदाचं, अन् कॉम्प्रेसर त्याच्याहून उतावीळ झाला की प्रत्येक आवर्तनावर दाब-सोड करते आणि आवाज फाटते. पेडल ट्यूनरच्या लगेच मागे लावा, ओव्हरड्राइव्हच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या पेडलच्या) नंतर लावला तर सगळी सूंsss पण वर येते.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) घ्यायला गेले तर स्वतःचाच बेस न्या अन् तिथंच स्लॅप करून बघा. अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्टचा, सेंटर निगेटिव्ह, हे दुकानदाराला दोनदा विचारा.